तार

वणीच्या पुढं, रस्त्याला लागून आमची जिनिंग.
मी काट्यावर. गाडी भरली येते, रिकामी जाते,
मधला फरक लिहितो. तेवढंच माझं गणित.

भाव मात्र ठरायचा डोमाजी येरेकरच्या बोटांत.
मूठभर कापूस उचलायचा, सरकी चिमटीनं सोडवायची,
दोन अंगठ्यांत रुई ओढायची, जुळवायची, परत ओढायची
आणि भलतीकडंच बघत सांगायचा : एकोणतीस.
किंवा : दव उतरायच्या आत वेचलाय.
किंवा : वरतून चांगला पसरवलाय, खाली हात घाला, फरदड निघते.
हात घातला की निघायचीच.

मागल्या हंगामात पेटी आली. काच, दिवा, आत कॅमेरा.
सोबत नागपूरची शेफाली मून, पाठीला लॅपटॉप.
"बोला काका."
तो बोलायचा, ती टिपायची. मूठ, फोटो, आकडा.
मूठ, फोटो, आकडा. अकरा हजार मुठी.
एकदा तो म्हणाला, "हा जरासा रुसला हाये."
तिची बोटं वरच थांबली.
"रुसला म्हणजे किती टक्के, काका?"
डोमाजी विचारात पडला. चहा आला, निवला.
तो रकाना रिकामाच गेला.

आता पेटी बोलते. तिला वायर नाही, काही नाही,
तारेवाचूनच तार मोजते.
गाडी फाटकातून निघायच्या आत पावती मोबाइलवर.
माझा काटाही तिला जोडलाय, वजन आपसूक जातं.
मला "शेरा" एवढा रकाना उरला. त्यात मी
बहुतेक आडवी रेघ मारतो.

एक मात्र सांगून टाकतो, पोटात ठेवून काय करू.
डोमाजीची बोटं कापूस बघायची,
डोळे त्याआधी गाडीवर कोण बसलंय ते बघायचे.
पाटलाच्या कापसातली ओल वाटेतच सुकायची.
दुर्पताच्या गाठोड्यातली काही केल्या सुकायची नाही.
मी तेच लिहायचो. खाली सहीसुद्धा माझीच.

पेटीला दुर्पता कोण, ठाऊक नाही.
पहिल्याच खेपेला क्विंटलमागं दोनशे ऐंशी जास्त.
तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला,
"बाबू, चुकलं तं नाही न?"
"नाही."
"मंग आधी चुकत होतं का?"
मी काट्याकडं बघत राहिलो. काट्यावर काहीच नव्हतं. शून्य.

पौषात धुकं पडलं तेव्हा पेटीनं तिचेच पैसे कापले.
ती भांडली. आधी माझ्याशी, मग पेटीशी,
मग मधल्या मोकळ्या जागेशी.
डोमाजीला निदान शिव्या लागायच्या,
दुसऱ्या दिवशी पानाचा डबा तरी पुढं करायचा.
पेटीचा हिरवा दिवा तसाच.

डोमाजी अजून येतो. मालकानं ठेवलाय,
काच पुसायला. दर अर्ध्या तासाला तिच्यावर रुई चढते
आणि पेटीला दिसेनासं होतं.
काल पुसता पुसता
त्यानं काचेवरचा पुंजका उचलला,
दोन अंगठ्यांत धरला, ओढला,
ओठ हलले.
त्याच वेळी पडद्यावर आकडा उमटला.

कोण आधी बोललं, मी बघितलं नाही.
खरं तर बघितलं.
शेऱ्यात रेघ मारली.