तामाले : एक

वुम्पिनी आक्राला गेली तेव्हा
माझी मोठी कात्री घेऊन गेली, न विचारता.
टीव्हीवर शिवणकामाची स्पर्धा, दर रविवारी एक जण घरी.
तीस गुण परीक्षकांचे, सत्तर जनतेचे.
आणि जनता म्हणजे
पेजवरची लिंक, फोनवरचा अंगठा,
एक मत एक सेडी,
मतांना मर्यादा नाही.

हे शेवटचं आम्ही तामालेत पुन्हा पुन्हा वाचलं.
अंदानी खाटीक म्हणाला, मग हे मत कसलं, हा तर बाजार,
आणि पहिले वीस सेडी त्यानेच काढले.

रहिनातूच्या पिवळ्या छत्रीखाली,
जिथून आम्ही फोनवर पैसे पाठवतो,
निळ्या काठाचं टोप मांडलं.
शिया लोणी विकणाऱ्या बायकांनी नोटा टाकल्या,
नोटांवर बोटं उमटलेली.
हेडमास्तरांनी पाकीट दिलं, वर लिहिलं होतं : उत्तरेच्या अब्रूसाठी.
माझ्या बायकोने सिमेंटच्या दोन गोण्यांचे पैसे दिले.
आमची भिंत त्या वर्षी कमरेएवढीच राहिली,
कोंबड्या त्यावर बसतात.

वुम्पिनी रात्री फोनमध्ये यायची.
"मला वाचवा," म्हणायची, कुणीतरी शिकवलेलं हसू हसून.
तिच्या चेहऱ्यावरून लाल बदाम वर जात राहायचे.
बदाम फुकट होते.
फुकटचं काही मोजत नाहीत,
हे आम्हाला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

पाचव्या आठवड्याला फुगू.
आमचा अंगरखा, विणलेल्या पट्ट्या हाताने जोडून केलेला.
गाव म्हणालं, आता कोण हरवतं हिला!
कॅमेरा तिच्या खांद्याजवळ गेला
आणि मी पाहिलं : पट्टीला पट्टी भिडलेली नव्हती.
अर्धं बोट. फार नाही.
तीन वर्षं मी तिला हेच सांगत आलो, घाई, घाई.
शेजारी ती एन्योनाम, समुद्राकडची पोर,
जिने फुगू कधी अंगावर घातला नसेल,
तिची काळी रेघ खांद्यावरून पाठीवर उतरली
कुठेही न अडखळता.

शिंप्याला मापात पाप करता येत नाही,
निदान एकटा असताना.
बायको झोपल्यावर मी एक सेडी पाठवला.
एन्योनामला.
लगेच उत्तर आलं : आपल्या मताबद्दल आभार. आणखी घ्यायची?
मी फोन पालथा घातला, उशीखाली, उजेड दिसू नये म्हणून.

रविवारी एन्योनाम घरी गेली.
फरक किती, ते सांगितलं नाही.
रहिनातूच्या छत्रीखाली ढोल वाजला,
अंदानीने मला खांद्यावर घेतलं,
उस्ताद, उस्ताद,
आणि मी वर हात करून नाचलो. काय करणार.

पुढच्या रविवारी वुम्पिनी.
शेवटच्या दहा मिनिटांत एका पोराला चाळीस हजार मतं पडली,
त्याच्या मामाची सिमेंटची कंपनी.
माझी बायको खूप वेळ हसली.

वुम्पिनी परत आली, कात्री जागेवर टांगली,
बसली मशीनवर. दोन दिवस शाळेचे गणवेश शिवले.
तिसऱ्या दिवशी पिशवीतून तो फुगू काढला,
खांदा उसवायला घेतला.
म्हणाली, "उस्ताद, बाहेर पडताना आम्हाला कागद देतात,
कुठल्या गावातून किती मतं.
एन्योनामने मला तिचा दाखवला.
हो, आक्रा, केपकोस्ट सगळं होतं.
अगदी खाली होतं, तामाले : एक."

माझ्या दातांत दोरा होता.
तो तोडायला मी जरा जास्तच वेळ लावला.

तिने वर पाहिलं नाही.
"दुसरं मीही दिलं असतं," म्हणाली,
"पण फोन त्यांच्याकडे असायचे."

मग तिने सुई उजेडाकडे धरली
आणि मला विचारलं, काळा दोरा संपला का.