दोर बांधण्याआधी

पहिल्या वेळी मी दोष दिला रबरी पँटला.
पुंता अरेनासच्या खेकडा कारखान्यात
दहा तास उभं राहायचं, मिठाचं पाणी मांडीपर्यंत,
काचलं असेल कुठेतरी, म्हटलं.
मग कणकण. मग दोन्ही जांघांत अवधाण,
दाबलं की डोळ्यांत पाणी.
चौथ्या दिवशी पुटकुळ्या,
एकाच जागी दाटीवाटीने,
सेंतोया खेकडीच्या पोटाखाली अंडी असतात तशा.
त्या फुटल्या. ओल्या राहिल्या.
लघवीला इतकी आग की
कोमट पाण्याच्या टबात बसूनच उरकायची.
शेजारची एर्मिंदा म्हणाली, लसूण लाव.
लावला.
त्या संध्याकाळविषयी मी कुणाशी बोलत नाही.

दवाखान्यातली सुईण दोमितिला
माझ्या मुलीपेक्षा लहान.
तिने बोळा फिरवला, नळीत घातला,
आणि मी पाय मिटायच्या आत म्हणाली,
हर्पीस दिसतंय, गोळ्या आजच सुरू करू.
कुणाकडून? मी विचारलं.
ती म्हणाली, तो महिना सांगता येत नाही,
देणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं.
घरी जाताना बोटं मोजली. एक हात पुरला,
त्यातला एक तर समुद्रात गेलेला.
त्याच्याशी भांडायलाही गेले असते.

तीन आठवड्यांनी खपली पडली,
खाली गुलाबी कातडं, डागसुद्धा नाही.
मी समजले, संपलं.

ऑगस्टात डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत मुंग्या,
जणू त्या काहीतरी जड ओढत नेत होत्या.
दोन दिवसांनी तीनच पुटकुळ्या. ताप नाही.
आठवड्याच्या आत सगळं आवरलं.
ते झोपतं, दोमितिला म्हणाली,
माकडहाडाच्या जरा वर, मज्जातंतूंच्या गाठीत.
मरत नाही?
नाही. पण म्हातारं होतं.

पहिल्या वर्षी पाच वेळा. दुसऱ्या वर्षी तीन.
यंदा एकदाच, बहिणीला पुरलं त्या आठवड्यात.

आमच्याकडे वारा उठला की
पालिकेची माणसं चौकात दोर बांधतात,
धरून चालायला.
पण जुन्या माणसाला दोराआधीच कळतं:
पत्र्याचा सूर बदलतो, कुत्रं दाराशी येऊन बसतं.
तशा माझ्या मुंग्या.
त्या आल्या की खपली पडेपर्यंत
माझा बिछाना माझा एकटीचा.
आणि कधी कधी दोर नसताना,
पत्रा गप्प असतानाही, वारा माणसाला पाडतो.
तेच सांगायला अवघड होतं.

झ्वोनिमिर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो.
स्वयंपाकघरात, पहिल्या रात्रीच्या आधी,
त्याला सगळं सांगितलं, हे शेवटचंसुद्धा.
मधेच बटाटे करपले.
त्याने विचारलं, बरं होतं का?
नाही.
मला होईल?
होऊ शकतं. गोळी रोज घेतली, निरोध वापरला,
तर शक्यता कमी. शून्य नाही.
त्याने नखातलं ऑइल बघितलं.
आत्ता दुखतंय का तुला?
नाही, म्हटलं. आत्ता नाही.

तो गेला. अकरा दिवस आला नाही.
मी सेंतोया सोलल्या, काट्यांनी बोटं फाडून घेतली,
आणि एकदाही मला मुंग्या आल्या नाहीत.

बाराव्या दिवशी दारात उभा,
हातात औषधाच्या दुकानाची पिशवी,
मागे दोर ताणला जात होता.
ओठावर लहानपणापासून उठतं माझ्या, म्हणाला,
आम्ही त्याला थंडी म्हणायचो.
दोमितिलाला विचारून आलो. तेही याच घराण्यातलं.

आत ये, म्हटलं, वारा घरात येतोय.
कोट काढायला त्याने बराच वेळ लावला.