हुकलेली खेळी

बोथनियाच्या आखातात, केमीपासून जरा बाहेर,
बर्फ फोडणाऱ्या जहाजावर
तुओमो राप्पाना इंजिनं सांभाळतो.
डिसेंबरात दुपारी दोनलाच अंधार.
काम उरकलं की बंकवर आडवा होऊन
पोटावर लॅपटॉप ठेवतो, आपला रणगाडा काढतो.
नाव हाउकी.
हाउकी म्हणजे तिकडचा दातेरी मासा,
गवतात निपचित पडून राहणारा
आणि झडप घातली की न चुकणारा.

हा चुकत नव्हता. हा झडपच घालत नव्हता.

दोष तुओमोचा. त्यानंच शिकवलं होतं याला
समोरच्याची प्रत्येक गोळी हवेतच मोजायला,
मागच्या चारशे चकमकी आठवायला,
भिंत किती दूर, वळलो तर काय,
नाही वळलो तर काय.
वेळ मिळायचा डोळ्याच्या पापणीहून कमी.
गणित अर्ध्यात असताना खेळी निघून जायची,
खेळ काही कुणासाठी थांबत नाही.
हाउकी नाकासमोर, जुन्याच हुकमावर,
थेट भिंतीला.

हरला कुणाकडून, तर इंकेरीच्या सोळा ओळींकडून.
ती जहाजावरची स्वयंपाकीण.
तिचा रणगाडा म्हणतो: दिसला, मार. नाही दिसला, वळ.
बस.

त्या रात्री तुओमोनं एक छोटा भाग जोडला:
खेळी हुकली तर रडू नकोस, मोज.
पुढच्या वेळी अर्धाच विचार कर.
लागोपाठ दोन हुकल्या तर विचार सोड,
फक्त बाजूला सर.

हाउकी तेवढ्यावर सुधारला.
दहातल्या सहा जिंकायला लागला.

मग त्याला मंगळवार आठवला.
वाटाण्याचं सूप वाढताना इंकेरीनं विचारलं होतं,
"मे महिन्यात जहाज धक्क्याला लागेल,
तू कुठे जाणार?"
आणि हा मोजत बसला होता:
हिनं का विचारलं, बहिणीकडे जातो म्हणावं का,
कुठेच नाही म्हटलं तर केविलवाणं वाटेल का.
वर बघितलं तेव्हा डाव पुढच्या टेबलाशी होता.

शुक्रवारी रात्री अकराला तो भटारखान्यात गेला.
ती मोठं पातेलं घासत होती.
त्यानं फडकं उचललं, झाकण पुसायला घेतलं.
"कुठेच नाही," म्हणाला.

"काय कुठेच नाही?"

बर्फ तळाशी करकरत होता.
तिला आठवायला वेळ लागला.
तो, कधी नव्हे ते, काहीही न मोजता
उभा राहिला.