अठरा बाय सोळा

मुनीर तांबोळी टेप लावतो आणि म्हणतो,
साहेब, तुमची टेरेस काटकोनात नाही.
वर साडेअकरा फूट, खाली अकरा मिलिमीटर कमी.
चौतीस वर्षं भोसरीच्या टूलरूममध्ये
मी दुसऱ्यांचे मिलिमीटर नापास करत आलो
आणि याच कोपऱ्यात रोज चहा प्यालो.

नदी इथून दिसत नाही, मुंढव्याचा पूलही नाही.
जलपर्णी सडली की वास तेवढा येतो
आणि दिवेलागणीला तिची प्रजा येते,
टाकीच्या वर खांबासारखी उभी, गुणगुणत.
डेंग्यूचा डास दिवसा चावतो, डॉक्टर म्हणाले होते,
पण भीती संध्याकाळीच येते.
सहा वाजले की शैला दारं ओढून घेते.

आणि आत भट्टी.
एप्रिलचा स्लॅब दिवसभराचं ऊन
रात्री दोनपर्यंत परत करत राहतो, व्याजासकट.
आषाढात पाऊस आडवा येतो, थेट सोफ्यापर्यंत.
उरलेल्या महिन्यांत शेजारच्या बांधकामाची सिमेंटची पूड
चहावर सायीसारखी धरते.
मला बाहेर बसायचंय, शैला म्हणाली,
फक्त कुणी मला खाऊ नये.

सोसायटीचं पत्र आलं :
जाळीमुळे इमारतीचा चेहरा बिघडतो.
मी उलट टपाली कळवलं :
चेहरा असता तर इमारतीलाही डास चावले असते.
परवानगी मिळाली. सेक्रेटरी पेंडसे
तेव्हापासून लिफ्टमध्ये आकडे बघतात.

नायलॉन, फायबर, स्टील.
मुनीरने तीन तुकडे शैलाच्या मांडीवर ठेवले.
साडीचा पोत बघावा तसे तिने ते बोटांत चोळले,
उजेडाकडे धरले.
हे काळं घ्या ताई, इंचाला अठरा बाय सोळा,
काळी जाळी दिसतच नाही.
सलाइनचा डाग असलेल्या हातात
तिने काळा तुकडा घट्ट धरला.

तीन दिवस म्हणाला होता, नऊ लागले.
वाकड्या कोपऱ्यात त्याने पाचर ठोकली,
सिलिकॉनची रेघ अंगठ्याने ओढली.
मी व्हर्निअर काढला नाही.
पहिल्या संध्याकाळी शैला साडेनऊपर्यंत बसली,
पाय स्टुलावर, उघडे.
पलीकडून डास येऊन टेकत होते
आणि ती त्यांची पोटं बघत होती.

बी विंगच्या चौथ्या मजल्यावर एक बाई आहे.
नाव माहीत नाही.
गेल्या भाद्रपदात, शैला दवाखान्यातून आली तेव्हा,
कपडे वाळत घालता घालता ती मान उडवून विचारायची
आणि शैला बोटांनी प्लेटलेट्स सांगायची.
तीन म्हणजे तीस हजार.
मग पाच. मग दोन्ही हात.
दोन्ही हात वर गेले त्या दिवशी
त्या बाईच्या हातातला चिमटा खाली पडला.

सोमवारी सकाळी शैलाने हात केला.
बाईने सरळ इकडेच पाहिलं,
उशीचा अभ्रा झटकला, आत गेली.
मंगळवारीही तसंच.
मी खाली जाऊन वर पाहिलं.
ऊन होतं. आमच्या घराच्या जागी
काळं पान होतं, एकसलग,
मागे कुणी राहतं असं वाटत नव्हतं.

दिवसा आपल्याला ते दिसतात, त्यांना आपण नाही.
रात्री दिवा लावला की उलट :
आपण त्यांना दिसतो
आणि आपल्याला फक्त आपलाच दिवा,
जाळीवर करडा पसरलेला.
मुनीरला फोन केला. तो म्हणाला,
साहेब, याला उपाय नाही, ही जाळी आहे.

आता सातला शैला ट्यूब लावते,
जाळीच्या अगदी जवळ उभी राहते, नाक टेकेल एवढी,
आणि दोन बोटं वर करते. दोन लाख.
पलीकडे काय आहे, काही दिसत नाही.
दिसलं असेल का गं तिला? मी विचारतो.
काय माहीत.
मग आत ये, पंखा लावलाय.
थांबा जरा, ती म्हणते,
या वेळी तिच्याकडे पोळ्या चाललेल्या असतात.