अंगठा

इलाहीभाई अत्तार मिरजेत, लक्ष्मी मार्केटच्या मागे,
जुने सेट दुरुस्त करतात. म्हणाले,
"आधी परवाना दाखवा, ताई, मग कपाट उघडतो."
मी पिशवीतून कागद काढला, हळदीचा डाग पडलेला.
मार्केट यार्डात वजनं लिहिते मी, डाग सगळ्यावर पडतो.

कपाटात तीन होते.
एक नवा, चकचकीत, स्वस्त. त्यांनीच तो परत ठेवला:
"हा बोलतो एका जागी, सांडतो चार जागी."
दुसरा गाडीत बसवायचा. मला गाडी नाही.
तिसऱ्याच्या पाठीवर कुणाचं तरी नाव कोरून खोडलेलं,
आवाजाचं चाक जरा सैल.
"हाच घ्या. वॅट बघू नका, पाच पुरे.
उरलेल्या पैशांत अँटेना करा आणि उंच लावा.
ओरडून काही होत नाही."

गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, मी तांब्याची दांडी उभी केली.
शेजारी विचारून गेले, कुठला चॅनल दिसतो?

रोज रात्री साडेआठला आमची मंडळी जमते.
हरिपूरचे कोष्टी मास्तर हजेरी घेतात:
माधवनगर, बुधगाव, मिरज, मग मी.
काय जेवलो, वारा कुठला, कुणाची बॅटरी फुगली.
धंद्याचं नाही, राजकारणाचं नाही, घरातलं नाही. नियम आहे.
बटण दाबलं की तुमचा कान बंद,
सोडलं की तोंड बंद.
माहेरी असं कुणी शिकवलं असतं तर.

गुरुवारी सगळं गप्प होतं.
साडेआठ झाले, आठ चाळीस झाले,
सेट पलंगावर, वाळलेल्या कपड्यांच्या ढिगात, एक चूं नाही.
म्हटलं, हरिपूरची लाईट गेली असेल.
घड्या घालत बसले,
आणि घालता घालता दादाला उत्तर देत बसले.
दादा, हक्कसोडपत्रावर मी सही करणार नाही.
पुन्हा एकदा, जरा हळू. दादा, रागावू नकोस, पण.
पुन्हा. 'पण' काढून.
उशीच्या अभ्र्याला सांगितलं, परकराला सांगितलं,
विट्याच्या त्या चार एकरांत माझा हिस्सा आहे
आणि तो मला हवा आहे.
हवा आहे, हे दोनदा.

दार वाजलं. कोष्टी मास्तरांचा नातू, हेल्मेटसकट, धापा टाकत.
"काकू, तुमचं बटण दाबलंय.
आजोबा म्हणाले फोन उचलत नाहीत, जा पळत."

ढीग उपसला. चादरीच्या पिळ्यात बटण रुतलेलं,
लाल दिवा, सेट इस्त्रीसारखा तापलेला.
जग गप्प नव्हतं. मीच बोलत होते.

सोडलं. एक खरखर, मग शांतता, खरीखुरी.
नियमाप्रमाणे माझी कॉल साइन सांगितली, आवाज फुटेना.
माफी मागितली.
मास्तर काही म्हणाले नाहीत. बुधगावही नाही.
मग मिरजेहून इलाहीभाई:
"ताई, सिग्नल पाच-नऊ. एकेक शब्द स्वच्छ.
अँटेना छान बसलीय.
पहिल्यापेक्षा शेवटचं वाक्य जास्त चांगलं आलं. ओव्हर."

लॉगवहीत वेळ जगाची लिहायची असते, साडेपाच तास मागची.
आमचे रात्रीचे नऊ, तिथं दुपारचे साडेतीन.
'कोणाशी बोलणं झालं' या रकान्यात पेन थांबलं.

रविवारी दादाचा फोन आला. वीस मिनिटं एकटाच बोलला.
मी मधे बोलले नाही, सवय झालीय.
तो श्वास घ्यायला थांबला
तेव्हा अंगठा आपोआप दाबला गेला,
फोनच्या कडेवर, जिथं काहीच नसतं.