उत्तरेची खिडकी, रायबंदर

उत्तरेचा उजेड हलत नाही,
असं शिकले होते.
रायबंदरला उत्तरेस मांडवी आहे.
चोडणची फेरीबोट सुटली की
माझं छत पाच मिनिटं थरथरतं.

क्लबचे वैकुंठबाब मान वर करून म्हणाले,
"पोर्ट्रेट काढायची कशी, ह्या पाण्याखाली?"

मग शिंपल्यांची तावदानं,
कुणाच्या मोडत्या घराची,
चौकटीसकट उचलून आणली.
नदी आता आत येते ती साय धरून.

राहिली डार्करूम.
कायतान मेस्त म्हणाला, काळोख उभ्यानं कळत नाही.
स्टूल घेऊन आत बसला.
मी बाहेर, कडीला हात लावून.
अर्ध्या तासानं खडूच्या सहा फुल्या:
बिजागरी, वायरीचं भोक,
चिऱ्यांच्या सांध्यात केसाएवढी रेघ...
चुन्यानं, काळ्या कापडानं बुजवल्या.
पुन्हा बसला.
"बाय, आनी एक आसा. आणि ती हलते."

मी भिंती आठवत राहिले, नकाशाभर.

दार किलकिलं झालं. हसत होता.
कुवेतहून भावानं धाडलेलं घड्याळ,
रेडियमच्या काट्यांचं,
मनगटावरून काढून माझ्या हाती दिलं
आणि दार ओढून घेतलं.

उन्हात काटे साधेच दिसत होते.
चार वाजून दहा.
फेरीबोटीनं भोंगा दिला.