पाय मोडलेलं अक्षर

ओलेसुंदच्या धक्क्यामागे एक शीतगृह आहे.
आत उणे चोवीस.
कॉडच्या पेट्या बोटीतून उतरतात
आणि माणसाचा हात न लागता
आठव्या मजल्यावर जाऊन झोपतात,
असं माहितीपत्रकात लिहिलंय.

पट्टा जर्मनीचा. लिफ्ट इटलीची.
चालकाविना फिरणाऱ्या गाड्या स्वीडनच्या.
प्रत्येकाचं आपापलं पिवळं कुंपण, आपापलं लाल बटण,
आपापलं प्रमाणपत्र, शिक्क्यासकट.
टोरिल हाउगेन तिन्ही नकाशे
खिडकीच्या काचेवर एकावर एक धरते.
जर्मनांची रेघ संपते पट्ट्याच्या टोकाला,
इटालियनांची सुरू होते लिफ्टच्या दारात.
मधे चाळीस सेंटिमीटर
कोरा कागद.

"इथे काय आहे?"
"ते आमच्यात येत नाही," जर्मन म्हणतो, अगदी नम्रपणे.
इटालियन खांदे उडवतो.
स्वीडिश माणूस पडद्यावर आहे,
त्याचा आवाज नेमका तेव्हाच तुटतो.

शिवेवरची पट्टी अशीच पडून राहते.
दोन्हीकडची शेतं नांगरलेली,
मधल्या गवतात साप.

मग वीटेनिसला बोलावतात.
क्लाइपेडाहून येऊन नऊ वर्षं झालीत त्याला.
भुवयांवरचं बर्फ अजून वितळायचंय.
तो फार बोलत नाही. झाडूचा दांडा आणलाय,
तो टेबलावर ठेवतो, कॉफीच्या कपांमधे.
पेटी तिरकी झाली की त्या फटीत अडकते,
दिवसातून सहा वेळा. सोमवारी जास्त.
तेव्हा हा दांडा.
टोकाला कुणी चावल्यासारखी खूण.
त्याच्या वर दुसरी.
आणि मूठ धरायच्या जागेपासून चार बोटांवर
तिसरी.

"पण आत जायचं नाही, असं नियमावलीत…"
"आत नाही जात," वीटेनिस म्हणतो. "फक्त हात जातो."

कुणी कप उचलत नाही.

टोरिल सगळ्यांना खाली नेते, जाड कोट चढवून.
फटीत एक रिकामी पेटी आडवी ठेवते
आणि पट्ट्याचं लाल बटण दाबते.
पट्टा थांबतो, गुणी मुलासारखा.
लिफ्ट उतरत राहते.
तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
पेटी पापडासारखी मोडली, तो आवाज
मी इतिवृत्तात कसा लिहायचा ते मला कळेना.

माझ्या भाषेत दोन अक्षरं जुळली
की एकाला अर्धं व्हावं लागतं.
शाळेत बाई म्हणायच्या, मोडा त्याचा पाय.
इथे तिघंही पूर्ण, ऐटीत उभे,
आणि अर्धं होणं उरलेलं
मधल्या हाताकडे.

नंतर अकरा बैठका झाल्या. केबल कुणाची,
खर्च कुणाचा, कुणी आधी थांबायचं,
उद्या काही झालं तर नाव कुणाचं.
एकदा इटालियन उठून गेला
आणि छत्री विसरला म्हणून परत आला.
छत्रीमुळे तो बसला, आणि बसला म्हणून ठरलं:
कोऱ्या कागदावर एक फाटक.
फाटकाला एक किल्ली.
किल्ली काढली की पट्टा, लिफ्ट, गाड्या, तिन्ही मुके.
ती परत बसेपर्यंत कुणी हलायचं नाही.
जो आत जाईल, त्याच्या गळ्यात किल्ली.

पहिल्याच शुक्रवारी, रात्री दोनला, टोरिलचा फोन वाजला.
अख्खं शीतगृह ठप्प.
बोट धक्क्याला लागलेली, चारशे पेट्या खोळंबलेल्या,
पाळीप्रमुख ओरडतोय.
किल्ली वीटेनिसच्या गळ्यात,
आणि वीटेनिस घरी, पुलापलीकडच्या बेटावर,
दहाही बोटं उशीखाली घेऊन गाढ झोपलेला.

"दुसरी किल्ली कुठे असते?" पाळीप्रमुख विचारतो.

टोरिल अंधारात उठून बसते.
"दुसरी केलेलीच नाही," म्हणते.
"जाऊन उठवा त्याला.
आणि हो, बेल एकदाच वाजवा."